डोंगर जळाला, आता खड्डे खणायचे का?

वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून अधिक पत्रे वणव्यांची होती. होळीच्या आगेमागे सह्याद्रीच्या माथ्यावर रात्री लाल रेघ दिसली नाही, असे वर्ष आता जात नाही, त्यामुळे नवल वाटले नाही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. दरड, घाणेरी आणि चराईबंदीचे प्रश्नही सोबत घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या गावाचा ४० एकरांचा डोंगर फेब्रुवारीत जळून काळा झाला. मुंबईकर मंडळाने जूनमध्ये ५,००० रोपे लावायचे ठरवले आहे. खड्डे मशीनने एप्रिलमध्येच घेऊन ठेवावेत का? (ग्रामस्थ, भोर तालुका)

मशीन नको, आणि या जूनमध्ये रोपेही नकोत. काळा डोंगर पाहिला की तो मेला असे वाटते. पण गवताची आग झपाट्याने पुढे सरकते आणि माती उष्णता खाली फारशी जाऊ देत नाही. वर शेकडो अंशांची धग असली तरी चार बोटे खाली जमीन जेमतेम कोमट होते. ऐन, किंजळ, कुंभा, पळस, टेंभुर्णी, आवळा, साग यांची मुळे बहुतेक वेळा शाबूत असतात. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल आणि कुंभ्याची बुचासारखी जाड साल इथेच कामी येते. वळवाच्या दोन सरी पडल्या की बुडातून फुटवे निघतात. त्या फुटव्याच्या मागे कैक वर्षांचे मूळ असते. पिशवीतल्या रोपाकडे ते नसते. मशीन फिरवले की नेमकी हीच मुळे तुटतात आणि उकरलेली माती पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याला लागते.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबा आणि मग मोजा. ५.६४ मीटर लांबीची दोरी खुंटीला बांधून फिरवली की बरोबर १०० चौरस मीटरचे वर्तुळ होते. डोंगरभर विखुरलेली अशी किमान १० वर्तुळे घ्या. सगळी पायवाटेलगत घेतलीत तर आकडा खोटा येईल, कारण तिथे गुरांची ये-जा जास्त असते. प्रत्येक वर्तुळात जिवंत झाडे, फुटलेले खुंट आणि गुडघ्याच्या वर गेलेली बियांची रोपे मोजा. एका खुंटाला सात फुटवे असले तरी तो एकच धरायचा. घाणेरी, रानमोडी आणि उंदीरमारी (ग्लिरिसिडिया) ही बाहेरून आलेली झाडे-झुडपे मोजायची नाहीत. इथेच बहुतेकांचे गणित फसते, कारण सर्वांत हिरवे तेच दिसते.

वर्तुळामागे सरासरी २५ किंवा जास्त आली तर लागवडीवर एक रुपयाही खर्चू नका. हेक्टरी अडीच हजार झाडे तिथे आधीच उभी आहेत. ८ ते २५ आली तर राखण करा आणि फक्त मोकळ्या जागा भरा. आठाच्या खाली आली तर लागवड हवी, पण ती पुढच्या जूनमध्ये, ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्ड्यांत, हाताने खणून आणि उताराच्या खालच्या अंगाला मातीचा अर्धचंद्र करून. हे आकडे रेघेसारखे काटेकोर धरू नका, पण निर्णयाला पुरतात.

यंदा श्रम करायचेच असतील तर ओढ्याच्या घळीत करा. जांभूळ, अंजन अशा सदाहरित झाडांची साल पातळ. एकदा होरपळली की ती सहसा सावरत नाहीत, आणि दर वणव्यात राईची कड दोन-चार हात आत सरकते. ती कड आधी भरून काढा. उतारावर जळक्या फांद्या आडव्या टाकून त्यांना दगड लावा, म्हणजे राख आणि माती थोडी अडेल. झऱ्याचे पाणी पहिले काही पाऊस होईपर्यंत पिऊ नका.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रत्येक फुटव्याभोवती एक मीटर गवत काढा. काढलेले गवत बुंध्याशी रचू नका. मार्चमध्ये तेच सरपण होते. दुसऱ्या वर्षी एका खुंटावर एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे कापा. मंडळाचे पैसे उरतील, त्यांतून फेब्रुवारी ते मे दोन राखणदार ठेवा, तेही सलग तीन-चार वर्षे. झाड डोक्याच्या वर जाऊन साल जाड होईपर्यंत प्रत्येक आग त्याला पुन्हा जमिनीवर आणते. काही डोंगरांवर वर्षानुवर्षे कमरेएवढाच राहिलेला साग दिसतो. ते रोप नसते. वीस वेळा जळून वीस वेळा फुटलेले झाड असते.

बियांचे गोळे फेकण्याबद्दलही तुम्ही विचारले आहे. फेकायला मजा येते. पण उघड्यावर पडलेले बी उंदीर आणि मुंग्या नेतात. तेच बी बोटभर मातीत पुरले तर रुजण्याची आशा असते.

प्रश्न : डोंगर जाळला की गवत दाट आणि कोवळे येते, हे आमचे वाडवडील सांगत आले. शास्त्र याला चूक का म्हणते? (पशुपालक, जुन्नर तालुका)

वाडवडिलांचे निरीक्षण खोटे नाही, पण ते अर्धे आहे. जुने वाळके गवत जळून गेल्यावर बहुवर्षायू गवताचे ठोंब साठवलेल्या अन्नावर कोवळी पाती काढतात. आधीचा पेंढा नाहीसा झाल्यामुळे हिरवळ डोळ्यांत भरते आणि जनावर ती आवडीने खाते. पण ती हिरवळ मुळातल्या शिलकीवर आलेली असते. जाळले, त्यावर लगेच चारले आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच केले, तर शिल्लक भरायला वेळ मिळत नाही आणि ठोंब विरळ होत जातो.

राखेचे खत होते, हेही अर्धे खरे. पालाश, स्फुरद आणि चुना राखेत उरतो, पण नत्राचा मोठा भाग धुरासोबत हवेत जातो. उरलेली राख उतारावर थांबत नाही. मार्चचा वारा आणि जूनचे पाणी ती दरीत नेते.

सर्वांत मोठा तोटा गवताच्या जातीत होतो. मारवेल, पवन्या, डोंगरी ही चांगली वैरण. वारंवार जाळलेल्या आणि अति चारलेल्या रानात ती मागे पडतात आणि कुसळी माजते. कुसळीचे बी टोकदार असते आणि त्याच्या शेपटीला पीळ असतो. दव पडले की पीळ सुटतो, ऊन पडले की पुन्हा बसतो, आणि असे फिरत फिरत बी स्क्रूसारखे मातीत शिरते. आग वरून जाते, बी खाली सुखरूप. तुमच्या मेंढ्यांच्या ओठांत, डोळ्यांत आणि लोकरीत रुतणारे कुसळ ते हेच. म्हणजे आपण जाळून जे जोपासतो ते नेमके नको असलेले गवत आहे.

पर्याय असा. कुरणाचे चार तुकडे पाडा आणि पावसाळ्यात एक तुकडा पूर्ण बंद ठेवा. दरवर्षी तो बदला. बाकीच्या तुकड्यांतले गवत फुलोऱ्यात असताना कापा, म्हणजे साधारण ऑक्टोबरमध्ये. चार बोटे बुडखा राहू द्या. दिवाळीनंतर पूर्ण वाळलेल्या उभ्या गवतात प्रथिने तीन-चार टक्क्यांवर येतात, आणि मग ते जाळण्याखेरीज कशाच्या कामाचे वाटत नाही. खरी चूक उशिरा कापण्यात आहे. कुसळी माजलेल्या भागात ती निसवण्याआधीच कापा; कोवळी कुसळी गुरे खातात.

वाळके गवत हाती उरलेच तर १०० किलो कुट्टीवर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून थरथर शिंपडा, दाबून प्लास्टिकखाली हवाबंद करा आणि २१ दिवसांनी उघडा. खाऊ घालण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका, आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असे कुठेही ठेवू नका. त्याने जनावर दगावते.

एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही. रातवा, चंडोल, तितर ही जमिनीवर घरटी करणारी पाखरे आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर लावलेली आग त्यांच्या अंड्यांवरूनच जाते.

प्रश्न : शेजारच्या रानातला वणवा बागेत शिरला. हापूसची १५ वर्षांची ३० कलमे होरपळली आहेत, पाने तपकिरी होऊन तशीच लटकत आहेत. तोडून नवीन लावावीत का? (बागायतदार, रत्नागिरी)

लगेच तोडू नका. धारदार चाकूच्या टोकाने बुंध्यावर चारी बाजूंनी, जमिनीपासून एक आणि तीन फुटांवर, नखाएवढी साल खरवडून पाहा. आतला थर ओलसर आणि पांढरट-हिरवा असेल तर ती बाजू जिवंत. तपकिरी, कोरडा आणि आंबूस वासाचा असेल तर मेलेली. घेराच्या निम्म्याहून अधिक भाग जिवंत असेल तर कलम वाचवण्यासारखे आहे. एकाच बाजूने तपासून निर्णय घेतला जातो आणि तिथेच घात होतो. आग वाऱ्याच्या आडोशाच्या अंगाला जास्त वेळ रेंगाळते, त्यामुळे बुंध्याची एक बाजू नेहमी अधिक भाजलेली असते.

छाटणीची घाई करू नका. कोणती फांदी मेली हे पाऊस सुरू होऊन नवी पालवी आल्याशिवाय कळत नाही. तोवर बुंधे आणि जाड फांद्या चुन्याने रंगवा. पाने गेल्यामुळे सालीवर थेट ऊन येते आणि आगीतून वाचलेली साल उन्हाने तडकते. बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या घेराखाली पाणी द्या आणि पेंढ्याचे आच्छादन करा. या काळात नत्रखत नको. अर्धमेल्या मुळांना ते झेपत नाही.

पावसाळ्यानंतर मेलेल्या फांद्या जिवंत भागापर्यंत कापून बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा; लोखंडी भांडे वापरू नका. त्यानंतर वर्षभर बुंध्यावर लाकडाचा भुसा दिसतो का, ते पाहत राहा. खोडकिडा दुबळ्या झाडालाच गाठतो. छिद्र दिसल्यास तारेच्या आकड्याने अळी ओढून काढा आणि भोक चिखलाने लिंपा. आगीतून वाचलेली कितीतरी कलमे पुढच्या वर्षी किड्याने जातात आणि दोष मात्र आगीला दिला जातो.

कलमाच्या सांध्याच्या वरचे सगळे मेले आणि खालून फुटवे आले, तर ते रायवळचे आहेत हे विसरू नका. एक जोमदार फुटवा ठेवून त्यावर पुन्हा हापूसची काडी बांधा. खाली जुने मूळ असल्यामुळे हे कलम नव्या कलमापेक्षा बरेच लवकर वाढीला लागते.

प्रश्न : जाळरेषा किती रुंद असावी आणि कधी काढावी? (संयुक्त वन व्यवस्थापन समितीचे सदस्य, पाटण तालुका)

जाळरेषा म्हणजे आग अडवण्यासाठी आधीच गवत काढून मोकळा केलेला पट्टा. तो काढायचा नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, गवत वरून वाळलेले पण बुडाशी ओल असताना. जानेवारी उलटल्यावर काढलेली रेषाच वणव्याचे कारण ठरू शकते. धारेवर ६ मीटर, रस्त्याकडेला ३ मीटर हा किमान हिशेब धरा. गवत पुरुषभर उंच असेल तर दुप्पट. दोन्ही कडांना एकेक मीटर गवत मुळापर्यंत कापून मधल्या पट्ट्यात टाका आणि दोन दिवसांनी, वारा पडलेला असताना, सकाळी लवकर तो पट्टा जाळा. वनजमिनीवर हे काम वनरक्षक हजर असल्याशिवाय करायचे नाही. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी.

रेषा उताराच्या मध्यावर काढू नका. आग चढावर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. मध्यावर ती रेषा सहज ओलांडते, माथ्यावर मात्र तिचा जोर ओसरतो. म्हणून जागा धारेची. फेब्रुवारीत रेषेवर पडलेला पाचोळा पुन्हा झाडून घ्या. सागाची पाने त्याच सुमाराला गळतात, आणि डिसेंबरात चकचकीत केलेली रेषा मार्चमध्ये पानांनी भरलेली असते. रेषा असूनही आग पुढे गेली, अशी तक्रार येते तिथे बहुधा हेच झालेले असते.

विझवताना आगीच्या वरच्या अंगाला उभे राहू नका. मागून आणि बाजूंनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपत पुढे सरका. अंगात सुती कपडे हवेत; नायलॉन वितळून कातडीला चिकटते. आग विझल्यावर सुकी शेणे आणि पडलेले ओंडके तपासा. ते तासन्‌तास धुमसतात, आणि दुपारचा वारा आला की पुन्हा पेट घेतात. राब भाजणाऱ्यांनाही, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणाऱ्यांनाही, हेच सांगा : भोवती तीन मीटर जमीन साफ करा, पहाटे भाजा, राख थंड होईपर्यंत जागा सोडू नका. वणवा दिसला की वन विभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलेत तर उपग्रहाला दिसलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर येतो, पण उपग्रह डोंगरावरून जाईपर्यंत तो येत नाही. माणसाचा डोळा त्याच्या आधी बघतो.

प्रश्न : जुलै २०२१ मध्ये आमच्या वाडीवरच्या डोंगराची दरड कोसळली. खालचा ढिगारा हिरवा झाला, वरचा भाग अजून उघडाच आहे. तिथे झाडे लावली तर डोंगर धरून राहील का? (शिक्षिका, महाड तालुका)

वणवा आणि दरड यांतला फरक तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. वणव्यात मुळे आणि माती राहतात, दरडीत दोन्ही जातात. खालच्या ढिगाऱ्यात जुनी माती, बी आणि मुळांचे तुकडे मिसळलेले असतात, म्हणून तो एक-दोन पावसाळ्यांत झाकला जातो. वरच्या कातळावर आधी शेवाळ आणि दगडफूल, मग फटीतले गवत, मग धायटीसारखे झुडूप असा क्रम लागतो. त्याला दशके लागतात आणि लावणीने तो फारसा आटोपत नाही.

त्या आठवड्यात महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. एवढे पाणी मातीत मुरल्यावर दाट झाडी असलेले उतारही सुटतात. मुळे वरचा मीटर-दोन मीटरचा थर शिवून धरतात. सरकण्याची पातळी त्याच्या खाली, मुरूम आणि कातळाच्या सांध्यावर असेल, तर झाडे मातीसकट खाली येतात. म्हणून दरडीच्या ओठावर मोठी झाडे लावू नका. त्यांचे वजन आणि वाऱ्याचा हिसका त्या जागेला नको आहे.

पहिले काम पाण्याचे. ओठाच्या वर पाणी वळवणारा चर काढा, तोही पक्का आणि उताराचा. पाणी साठवणारा समपातळी चर इथे घातक आहे, कारण तो पाणी मुरवतो. जमिनीतल्या भेगा चिकणमातीने ठोकून भरा. त्यानंतर ढिगाऱ्याच्या उतारावर जूनमध्ये वाळ्याच्या आडव्या ओळी लावा : दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर, दोन ओळींत एक ते दोन मीटर उंचीचे अंतर. चांगल्या मातीत वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. ठोंब लांब लांब लावले की मधून पाणी वाट काढते आणि ओळीचा उपयोग संपतो. मध्ये निर्गुडी, धायटी, करवंद येऊ द्या. आणि ढिगारा कितीही हिरवा दिसला तरी त्यावर घर बांधू देऊ नका. वर नवी भेग, कललेली झाडे किंवा झऱ्याला अचानक गढूळ पाणी दिसले तर पावसात वाडी रिकामी करणे हाच उपाय आहे.

प्रश्न : घाणेरी तीनदा तोडली, एकदा जाळली. दरवेळी दुप्पट येते. (निसर्गमंडळ, नाशिक जिल्हा)

येणारच. वरून तोडणे म्हणजे तिची छाटणी करणे, आणि जाळणे म्हणजे तिच्यासाठी जागा मोकळी करणे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून ती अमेरिका खंडातून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. तिला पुन्हा फूट येते ती खोड आणि मूळ यांच्या सांध्यातून. म्हणून बुंधा मोकळा करून मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडा आणि झुडूप उलटे करून वाळू द्या. आडवे टाकले तर टेकलेल्या फांद्या मुळे धरतात. माती ओली असताना, फळे पिकण्याआधी हे करा. जेसीबीने उपटू नका. उकरलेल्या मातीत तिचेच बी आधी रुजते.

गाभ्याला हात घालू नका. जिथे देशी झाडी अजून तग धरून आहे त्या कडेपासून सुरुवात करा आणि पुढची दोन वर्षे निगा राखता येईल तेवढाच तुकडा घ्या. त्यात लगेच मारवेलचे ठोंब लावा. बुलबुल ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली दर पावसाळ्यात रोपे उपटा. बी तिथेच पडते. घाणेरी काढून जागा तशीच सोडली तर रानमोडी येते, आणि ती काढणे काही सोपे नाही.

प्रश्न : चराई पूर्ण बंद केली की निसर्ग आपोआप पूर्ववत होतो, बरोबर ना? (महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा)

राजस्थानातल्या भरतपूरचे उदाहरण पाहा. केवलादेवच्या पाणथळीत म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद झाली आणि विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. पुढच्या काही वर्षांत पास्पालम नावाचे पाणगवत उघड्या पाण्यावर पसरले आणि पाणपक्ष्यांना पोहायला, चरायला जागा कमी पडू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाने दाखवले की म्हशी ते गवत आटोक्यात ठेवत होत्या. पाणी, पक्षी आणि म्हशी यांची घडी इतकी जुनी होती की म्हशी काढणे हाच धक्का ठरला.

कासचे पठार किंवा कोकणातले सडे यांनाही हे लागू आहे. तिथली इवली फुलझाडे उघड्या, उथळ मातीत जगतात. उंच गवताची सावली त्यांना मारते. किती चराई चालेल, याचे उत्तर जागेवर मिळते : दोन बाय दोन मीटरचे पाच चौकोन कुंपण घालून बंद करा, शेजारी तेवढेच पाच उघडे ठेवा, आणि सलग तीन वर्षे सप्टेंबरमध्ये दोन्हींतल्या जाती मोजा. प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर हा घ्या.

प्रश्न : कारवी गेल्या वर्षी फुलली आणि आता उभी वाळली आहे. कुडाच्या भिंतींसाठी तोडावी का? (वाचक, कर्जत)

पाऊस सुरू होईपर्यंत थांबा. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून मरते. वाळलेली बोंडे पहिल्या पावसात भिजली की फटाफट उकलून बी दूर उडवतात. त्याआधी तोडली, किंवा त्या उन्हाळ्यात वणवा लागला, तर त्या उतारावरची पुढची पिढीच जाते, कारण मागे फुटायला जिवंत बुंधा उरलेला नसतो. जूनच्या अखेरीस रोपे दिसू लागली की वाळके दांडे खुशाल न्या. फक्त रोपांवर पाय पडणार नाही अशा एकाच वाटेने.